चष्मेवाल्यांना न आवडलेला सिनेमा

आमच्या इमारतीत तो सिनेमा न आवडलेला मी एकटाच माणूस होतो, आणि खरं सांगायचं तर माझं त्यात बरं चाललं होतं. जिन्यात कोणी भेटलं की विचारायचं, "काय हो, अजून नाही आवडला?" मी मान हलवायचो. "नाहीच?" मी पुन्हा मान हलवायचो. मग समोरचा माणूस हातातली पिशवी खाली ठेवायचा आणि मला समजावायला लागायचा. एरवी ह्या इमारतीत माझं बोलणं कोणी दोन वाक्यांपलीकडे ऐकून घेत नाही. पण सिनेमा न आवडल्यापासून मला किंमत आली होती. वरच्या काकू तर पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या, "हेच ते."

सिनेमा एका बसच्या ड्रायव्हरचा. तान्हं असताना आई त्याला बसमध्ये सीटवर ठेवून उतरून जाते. पोरगा मोठा होतो, त्याच बसवर ड्रायव्हर म्हणून लागतो, आणि कधीतरी आई ह्याच बसमध्ये चढेल म्हणून वर्षानुवर्षं तीच गाडी चालवत राहतो. शेवटी ती चढते. मधल्या वेळात सात गाणी.

आता मी नोकरीला आहे तो बस खात्यातच, वेळापत्रक विभागात. गाडी कुठून किती वाजता सुटावी आणि कुठे किती वाजता पोचावी, हे ठरवण्यात माझे केस गेले. असा माणूस हा सिनेमा बघायला बसला तर त्याचं काय होणार? नायक पुलावर गाडी उभी करतो आणि अख्खं गाणं म्हणतो. मागची गाडी येत नाही. गाडी एवढी वर्षं चालते, डिझेल भरताना कोणी दिसत नाही. आणि नायिका मागच्या सीटवर बसलेली असल्यामुळे नायक सगळा घाट आरशात बघून उतरवतो. आमच्याकडे ह्याला निलंबन म्हणतात. बायको ह्याला नजर म्हणते.

"कसा बघतो ना तो आरशात," ती म्हणाली होती, माझ्या रुमालाने डोळे पुसत. स्वतःचा रुमाल तिने मध्यंतराच्या आतच संपवला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिच्याकडे सरळ बघत आलो, आरसाबिरसा न घेता. त्याबद्दल तिने कधी रुमाल काढल्याचं मला आठवत नाही.

पण नायकाचं मी सोसलं असतं. तो पडद्यावर राहतो. चष्मेवाले तिसऱ्या मजल्यावर राहायला आले.

कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान ह्यांनी घेतलं होतं. उंच, कानाजवळ मोजके पिकलेले केस, आणि आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारून तो आवाज तसा झाला असणार. पहिल्याच आठवड्यात वरच्या काकूंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. चष्मेवाले हसले आणि म्हणाले, "माझंच काही चुकत असेल. पण मला तो सिनेमा जरा लांबून दिसला."

काकूंनी कठड्याला धरलं. "लांबून दिसला," त्या म्हणाल्या. "काय बोललात."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळ्या मजल्यांवर फिरून आमच्या स्वयंपाकघरात आलं.

"लांबून दिसला म्हणे त्यांना," बायको कणीक मळता मळता म्हणाली.

"म्हणजे काय?"

"ते तुम्हाला नाही कळायचं."

"अगं, पण मलाही नाहीच आवडला सिनेमा. मी दोन महिने सांगतोय."

"तुम्ही भांडल्यासारखं सांगता हो. डिझेल काय, घाट काय. त्यांना कसं अलगद आवडला नाही."

मला जेवण गेलं नाही. माणसाची मालमत्ता घेतली तर पोलिसात जाता येतं. माझ्याकडे होती ती एक नावड, ती कष्टाने मिळवलेली, आणि ती कोणीतरी परवा येऊन माझ्यापेक्षा चांगली वापरायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात मला कोणी विचारेना. पिशव्या तिसऱ्या मजल्यावर खाली ठेवल्या जाऊ लागल्या.

त्यातच बायको डोळे तपासून आली.

"तुझे डोळे तर चांगले आहेत," मी म्हणालो.

"तेही तेच म्हणाले," ती म्हणाली, आणि चेहरा इकडेतिकडे वळवून नवी फ्रेम आरशात बघू लागली. फ्रेम चांगली होती. तेच मला लागलं.

त्या रविवारी जिन्यात पुन्हा तो विषय निघाला. चष्मेवाले मधोमध उभे, भोवती काकू, पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आमचे सोसायटीचे सचिव आणि माझी बायको. मी दूध घेऊन येत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "नुसतं लांबून दिसला म्हणून काय होतंय? मी सिनेमा इथे लावून दाखवतो. थांबवून थांबवून एकेक चूक दाखवतो. मग बोला."

मग चष्मेवाले म्हणाले, "छान कल्पना आहे." त्यामुळे ती कल्पना त्यांची झाली.

सोसायटीचा हॉल मिळवायचा म्हणजे सचिवांकडे जावं लागतं. सचिव कोर्टातून निवृत्त झालेले. न्यायाधीश म्हणून नव्हे, पण बसतात तसे.

"हॉल कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"सिनेमातल्या चुका दाखवायला."

"म्हणजे मनोरंजन?"

"नाही. चिकित्सा."

"नियमात मनोरंजन आहे, सभा आहे, वाढदिवस आहे. चिकित्सा नाही. मनोरंजन धरलं तर अग्निशामक दलाचा दाखला लागेल."

अग्निशामक दलाच्या कार्यालयात मी दोन वेळा जाऊन आलो. पहिल्यांदा तिथल्या बाईंनी विचारलं की सिनेमात आग आहे का. मी म्हटलं, नाही, पाऊस आहे. त्यांनी पाण्याच्या खिडकीवर पाठवलं. दुसऱ्यांदा त्यांनी सिनेमाचं नाव ऐकलं आणि "अय्या, तो" म्हणून खुर्ची पुढे ओढली. पुढचा अर्धा तास मला शेवटचा प्रसंग ऐकावा लागला. दाखला द्यायचा त्या विसरल्या, आणि मागायचं मला सुचलं नाही.

शेवटी सचिव म्हणाले, "आपण सभा धरू. सभेला दाखला नको. अध्यक्ष मात्र लागेल."

अध्यक्ष म्हणून चष्मेवाल्यांचं नाव एकमताने ठरलं. एकमत झालं तेव्हा मी प्रोजेक्टरच्या शोधात बाहेर होतो.

प्रोजेक्टर आणि स्पीकर माझ्या मेहुण्याने आणायचे होते, त्याच्या ऑफिसातून. सिनेमाही तोच कुठूनतरी मिळवून सभेच्या दिवशी आणणार होता. चुका मी आणायच्या होत्या. माझ्याकडे जेमतेम पाचसहा होत्या, आणि तेवढ्यावर अध्यक्षांसमोर उभं राहणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी पुन्हा सिनेमाला गेलो. मग पुन्हा. ऑफिस सुटलं की घरी "काम आहे" असं सांगायचं आणि थिएटरच्या अंधारात जाऊन बसायचं. एका आक्षेपासाठी एक प्रसंग नीट बघायचा म्हणजे त्याच्या आधीची दोन गाणी सोसावी लागायची. तिकीट खिडकीवरची मुलगी मला ओळखायला लागली. चौथ्या खेपेला ती शेजारणीला म्हणाली, "काकांचा फार जीव आहे गं ह्या सिनेमावर." मी काचेत तोंड घालून तिला समजावून सांगत होतो, तर मागचा माणूस म्हणाला, "काका, आम्हालाही बघायचाय."

सभेच्या दिवशी दुपारी मोठीच अडचण निघाली. हॉलला चार खिडक्या होत्या आणि पडदे एकीलाही नव्हते. ऊन थेट भिंतीवर. मग सल्ले सुरू झाले. काकू म्हणाल्या, गाद्या उभ्या करा. डॉक्टर म्हणाले, काळा कागद लावा. सचिव म्हणाले, खिळा मारता येणार नाही. गाद्या आणल्या, त्या वाकून बसल्या. कागद लावला, तो पंख्याने उडाला. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी एक चादर हातात घेतली आणि विचारलं, "ही इकडे धरली तर बरं, की तिकडे?" सगळ्या इमारतीने आपापल्या घरून चादरी आणल्या. सगळ्या खिडक्या झाकून झाल्या, पण एका फटीतून उन्हाची तिरीप यायची ती यायचीच, आणि ती बरोबर नायकाच्या नाकावर पडायची. सिनेमाभर ते नाक वेगळं उजळत होतं.

मेहुण्याने स्टुलावर बॅग, बॅगेवर उशी आणि उशीवर प्रोजेक्टर अशी मांडणी केली. पहिल्यांदा बस आभाळात चाकं करून आली.

"भाऊजी, मान जरा खाली केली तर स्पष्ट दिसतंय," मेहुणा म्हणाला.

ह्या सगळ्यात बराच वेळ गेला. तरी मी रिमोट आणि एक लांब पट्टी घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो. अध्यक्ष पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. त्यांच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला माझी बायको, नव्या फ्रेमसकट.

पहिली दहा मिनिटं लोकांनी चांगलं ऐकून घेतलं. मी गाडी थांबवायचो, पट्टीने काटा दाखवायचो, "बघा, टाकी रिकामी" असं म्हणायचो आणि पुढे जायचो. पण मग पुलावरचं गाणं आलं. ते सगळ्यांना पाठ. बायकोने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. मी तिथेच रिमोट दाबला.

"आता मला सांगा, मागची गाडी कुठे आहे?"

बायकोने डोळे उघडले. चारचौघांत ती कधी माझ्यावर आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"अहो, द्या तो इकडे," ती म्हणाली. मी रिमोट दिला. तिने तो अध्यक्षांच्या हातात ठेवला.

अध्यक्ष म्हणाले, "आपण आधी शांतपणे पाहून घेऊ. मग ह्यांचंही ऐकू."

माझ्या सभेत "ह्यांचंही." त्या एका "ही"वर मी मागे जाऊन मेहुण्याच्या शेजारी उभा राहिलो. पट्टी माझ्या हातात राहिली होती. ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. आणि मागून मला फक्त दोन डोकी दिसत होती, एक मोजके पिकलेले केस असलेलं आणि एक माझ्या ओळखीचं, आणि पहिलं डोकं मधूनमधून दुसऱ्याकडे वळून काहीतरी बोलत होतं, आणि दुसरं हसत होतं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पट्टी वाकतेय."

मध्यंतर होऊन म्हातारी झालेली आई पहिल्यांदा पडद्यावर आली, तोच सचिव उठले आणि त्यांनी स्पीकरची वायर काढली.

सगळा हॉल ओरडला. सचिवांनी हात वर केला. "चार वाजले. रविवारी चार ते सहा मुलांच्या अभ्यासाची वेळ. वाद्याचा, यंत्राचा आवाज बंद. नियम आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नियम ह्यांच्याच तक्रारीवरून झालेला आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. तक्रार मीच केली होती, दातांचे डॉक्टर रविवारी ट्रम्पेट वाजवायचे म्हणून. डॉक्टर माझ्याकडे बघून अगदी सगळे दात दाखवून हसले.

सहापर्यंत थांबायची सोय नव्हती. प्रोजेक्टर साडेपाचला मेहुण्याच्या ऑफिसात परत जायचा होता. तेव्हा पडद्यावर नायक नुसते ओठ हलवत होता, नाक उजळत होतं, आणि लोक चादरींचं काय करायचं ते बोलायला लागले होते. बायकोने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. तिला ती आई बघायची होती, एवढं मला पाठमोरं कळलं.

तेव्हा चष्मेवाले उठले. "मी सांगत जातो काय चाललंय ते," ते त्या आवाजात म्हणाले. हॉल लगेच शांत झाला. "ही बाई... ही बहुतेक नर्स आहे. ती नायिकेला औषध द्यायला आली आहे."

मी ते सहन करायचा प्रयत्न केला. खरोखर केला.

"आणि आता ती म्हणते आहे की, काळजी करू नका, ताप उतरेल."

"नर्स नाही ती," मी मागून म्हणालो. "नायिकेची मावशी आहे. आणि औषध नाही, विष आहे."

"असं?" चष्मेवाले म्हणाले. "मग ती काय म्हणते आहे?"

"ती म्हणते, 'पी पोरी. आयुष्यभर बसस्टॉपवर उभं राहण्यापेक्षा हे सोपं आहे.'"

हे मी मावशीच्या आवाजात म्हणालो. तसं करायचं मी ठरवलं नव्हतं. पण ते वाक्य दुसऱ्या आवाजात म्हणताच येत नाही, मी ते पाच वेळा ऐकलं होतं. पुढच्या रांगेत काकूंनी श्वास आत ओढला. पडद्यावर नायिका बोलायला लागली, आता तिचं कोण म्हणणार? तिचंही मीच म्हणालो. मग नायक आला. मग घाट आला, तिथे गाडीचा आवाज पाहिजे होता, तो मेहुण्याने काढला, पण चुकीच्या गियरचा, म्हणून तोही मी घेतला.

मध्येच सचिव नियम आठवत उभे राहिले. "तोंडाने बोलायला बंदी नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि बसले.

मी पट्टी टाकून केव्हा पुढे आलो ते मला आठवत नाही. चष्मेवाल्यांना बसावं लागलं. त्यांना बसताना मी पाहिलं, आणि त्या समाधानात माझा आवाज आणखी मोकळा झाला. मग आई बसमध्ये चढली. पावसात भिजलेली, तीच जुनी शाल. ह्या प्रसंगावर माझे सगळ्यांत जास्त आक्षेप होते. कंडक्टर गायब आहे, शाल इतकी वर्षं टिकत नाही, आणि तो थांबा विनंतीचा आहे, तिथे हात केल्याशिवाय गाडी थांबत नाही. पण आक्षेप घ्यायला वेळ नव्हता, दोघांचंही मलाच म्हणायचं होतं.

"शेवटच्या स्टॉपचं एक तिकीट," मी आई होऊन म्हणालो.

"शेवटच्या स्टॉपला ही गाडी थांबत नाही," मी मुलगा होऊन म्हणालो. "तिथून ती परत फिरते."

"मग मलाही परत फिरव, बाळा."

इथे माझा घसा बसला. बराच वेळ बोलत होतो, पाणी प्यायलो नव्हतो, बसणारच. हॉलमध्ये सगळीकडे नाकं ओढल्याचा आवाज येत होता. बायकोने खुर्ची पुढे ओढून घेतली होती, पार माझ्या पायाशी. ती पडद्याकडे बघत नव्हती. मी शेवटचं वाक्य म्हणत असताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती, चष्म्याशिवाय.

सिनेमा संपला. मी वाट बघत उभा राहिलो. कशाची, ते सांगायला नको. तेवढ्यात अध्यक्ष उठले. त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मी चुकलो होतो."

एवढंच. हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "केवढा मोठा माणूस." सचिवांनी त्यांचा हात हातात घेतला. दीड तास गाडी मी चालवली, घाट मी उतरवला, आई मी आणली, आणि ह्या गृहस्थाने तीन शब्दांत सगळं गोळा केलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून म्हणालो, "मला अजूनही आवडलेला नाही."

आवाज फुटला नाही. नुसती हवा आली. दातांचे डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू द्या, असू द्या. अजून गहिवरलेलेच आहात."

घरी आलो तर बायकोने कोमट पाण्याचा पेला पुढे ठेवला. मी पाणी पीत बसलो, ती चादरींच्या घड्या घालत बसली. दिवे लागायच्या सुमाराला बेल वाजली.

दारात चष्मेवाले होते, आणि त्यांच्याबरोबर एक बाई. पलीकडच्या इमारतीत व्हायोलिन शिकवतात त्या. काकूंनी तिकडेही बातमी पोचवली होती. बाई हसऱ्या होत्या, आणि बोलताना सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"पुढच्या रविवारी आमच्याकडे करायचं," त्या म्हणाल्या. "आम्हाला स्पीकर नकोच, तुम्हीच हवेत. मी व्हायोलिनवर साथ करीन. फक्त रोज संध्याकाळी तासभर माझ्याकडे तालमीला यावं लागेल."

चष्मेवाले म्हणाले, "मीच ह्यांना म्हटलं, असा आवाज मी ऐकला नाही."

मी मान डोलावणार होतो. खोटं कशाला बोलू, डोलावायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात बायको माझ्या पुढे येऊन उभी राहिली.

"ह्यांना नाही जमणार," ती म्हणाली.

"अहो, पण का?"

"ह्यांना तो सिनेमा आवडत नाही."

बाई हसल्या. "काहीतरीच. आवडल्याशिवाय का कोणी असं म्हणेल?"

"अजिबात आवडत नाही," बायको म्हणाली. "पहिल्यापासून नाही. आणि सध्या ह्यांना बोलायचीही मनाई आहे." मग ती चष्मेवाल्यांकडे वळली. "आणि तुमची ती फ्रेम नाकावर रुतते. उद्या परत आणून देते."

तिने दार लावलं, कडी घातली, आणि माझा पेला पुन्हा भरून आणला. चादरींच्या घड्या घालताना तिने दोनदा तरी स्वतःशीच म्हटलं, "व्हायोलिनवर साथ म्हणे." मला बोलायला मनाई होती. म्हणून मी जमेल तितका पडेल चेहरा करून ते ऐकत राहिलो, आणि ती तिसऱ्यांदा म्हणते का, त्याची वाट बघत घोट घोट पाणी पीत बसलो.